चौकटीवरचा रंग

आमच्याकडं घर वाटायची एक रीत आहे. वाटे मोठ्या भावानं घालायचे आणि पहिला वाटा धाकट्यानं उचलायचा. मोठ्याला लबाडी करता येऊ नये म्हणून ही रीत. मी तरीही केली. शिराळ्याजवळच्या आमच्या घराचे दोन भाग केले तेव्हा मी पन्नाशीचा होतो, आज बहात्तरचा आहे. त्या लबाडीचा दोष इतकी वर्षं माझ्या भावजयीनं, धाकट्याच्या बायकोनं, सोसला. म्हणून हे लिहून ठेवतोय.

वाटणीच्या आधीच्या पावसाळ्यात एका सकाळी पूर्वेच्या खोलीत खिडकीखाली बारीक पंखांचा ढीग पडलेला दिसला. पंखवाल्या मुंग्या असतील म्हणून मी झाडून टाकला. मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि मागचे लहान असतात, हे मला पुढं कळलं. ते पंख सगळे एका मापाचे होते. मग त्याच खोलीच्या दारावर, चौकटीच्या कडेनं, मातीची रेघ दिसली. पेन्सिलीएवढी जाड, जमिनीतून वर चढलेली. थोडी फोडली तर आत ओलसर नळी, आणि उजेड लागताच पांढरे किडे सैरावैरा पळाले. चार दिवसांनी पाहतो तर फोडलेली जागा ताज्या मातीनं बुजवलेली. चौकटीवर बोटानं वाजवलं तर रिकाम्या डब्यासारखा आवाज आला.

शंका उरली नव्हती. तेव्हा मी सांगलीत हळदीच्या अडत दुकानात कामाला होतो. येताना तपकिरी ऑइलपेंटचा डबा आणला आणि घाईघाईनं, माती पुरती न खरवडता, चौकट रंगवून काढली. वाळवीचं घर मला नको होतं, एवढंच कारण. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं. सापडलं नाही.

भाऊ फौजेतून सुट्टीवर आला. दोन्ही बाजू फिरून बघितल्या आणि चकचकीत चौकटीवर हात ठेवून म्हणाला, "दादा, ह्यो वाटा माझा." वाटणीला बसलेले पंच खूश झाले. "मोठ्यानं रंगवून दिलं बघा. भाऊ असावा तर असा!" मी मान खाली घातली. ती लोकांना नम्रता वाटली.

पुढं तो पेन्शनवर घरी आला. त्या दाराला लागूनच भिंतीतलं कपाट होतं. एका दिवाळीला भावजयीनं तिथनं लग्नातला शालू काढला, तर घडीघडीला भोकं आणि खाली मातीचा थर. भाऊ तिच्यावरच उखडला. "रोज घागरी ओतून फरशी धुतीस. वाळवी यील न्हाईतर काय?" ही गोष्ट तिच्या माहेरी पोचली. तिचा भाऊ दर दिवाळीला आमच्याकडं आला की विचारायचा, "अक्का, औंदा काय भिजवलंस?" सगळे हसायचे. मीही हसायचो.

गेल्या महिन्यात चौकट खालून खचली. भावानं सांगलीहून औषध मारणारा माणूस बोलावला. त्यानं भिंतीकडेनं वाजवत वाजवत चौकट गाठली, पटाशीनं रंगाचा पापुद्रा काढला आणि थांबला.

"आवं, ह्यो रंग नळीवरच मारलाय की. वाळवी रंगाच्या आदीची हाय."

भावजय चहा घेऊन आली होती. कप तसेच हातात धरून तिनं विचारलं, "म्हंजी फरशी धुतल्यानं न्हाई आली?"

"ओल मिळाली की तिला बरं वाटतं, ताई. पण ही आदीच आत बसलेली."

भाऊ म्हणाला, "रंगवताना दादाच्या ध्यानात आलं नसंल."

त्यानं मला वाट करून दिली होती. ती धरली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पण भावजय अजून त्या चौकटीकडंच बघत होती.

"आलं होतं ध्यानात," मी म्हणालो. "म्हणूनच रंग मारला."

भाऊ खाली बसला. "मी वाटा उचलला तवा तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"मग आट दिवस माझ्याशी बोलू नकोस," तो म्हणाला, आणि लगेच, "चा घे. गार होतोय."

भावजयीनं डोळ्याला पदर लावला. मला वाटलं आता ती मला बोलेल, आणि बोलायलाच पाहिजे होतं. तिनं आतून मोबाईल आणला.

"वाटणीचं तुमी दोघं बघा. आवं दादा, आदी माझ्या भावाला सांगा. लय दात काढलेत त्यानं."

तिनंच नंबर लावला आणि आवाज मोठा केला. मी सगळं सांगितलं. पंख, माती, रंग, शालू. पलीकडनं तिच्या भावानं विचारलं, "म्हंजी अक्काचं काय चुकलंच न्हवतं?"

"काहीच नव्हतं."

"परत सांगा," भावजय म्हणाली. "त्याच्या बायकोला बी बोलवू द्या फोनवर."

मी परत सांगितलं. या खेपेला शालूपासून सुरुवात केली.