उतू जाऊ न दिलेलं पाणी

पाणी जपून वापरणारी माणसं आमच्या बीड जिल्ह्यात घरोघरी सापडतील, पण सांडलेल्या थेंबाला ‘माफ कर’ म्हणणारा माणूस मी एकच पाहिला, आणि ते माझे थोरले साडू. पाहुण्याला ते अर्धाच पेला पाणी द्यायचे आणि तहान उरली तर सांगा म्हणायचे. आंघोळ लिंबोणीच्या आळ्यात बसून, म्हणजे तिचीही उरकायची. एका लग्नात पंगत उठल्यावर हे गृहस्थ पेल्यांतलं उरलंसुरलं पाणी डब्यात गोळा करताना दिसले. मुलीकडचे लोक बघत राहिले, माझ्या मेहुणीने तोंडाला पदर लावला. मी हटकलं तर शांतपणे म्हणाले, “माणसाला उष्टं चालत न्हाई, टेंपोला चालतंय.”

त्या टेंपोवरच त्यांचं घर चालायचं. दुष्काळात शेतं उघडी पडली होती आणि तलवाड्याकडच्या दूध संस्थेचे कॅन शीतकरण केंद्रावर पोचवायचं काम तेवढं हाती होतं. पण असलं पाणी ओतून ओतून रेडिएटर गाळाने भरला, गाडी वाटेत तापून बसली आणि एक खेप नासली. पुन्हा नासली तर दुसरी गाडी लावू, असं चेअरमननी बजावलं. मग साडूंनी मिस्त्रीकडून रेडिएटर साफ करून घेतला. पाणी मात्र स्वतः भरलं, कारण त्यांच्या मते मिस्त्री लोक फार सांडतात.

दुसऱ्या दिवशी मी सोबत होतो. पहिल्याच चढाला तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला. साडूंनी गाडी थांबवली, पंख्याचा पट्टा ओढून पाहिला, कुठे गळतंय का पाहिलं, मग पाइप चाचपले. वरचा चटका देत होता, खालचा गार. म्हणजे पाणी फिरतच नव्हतं. त्यांनी मिस्त्रीच्या सात पिढ्या काढल्या. ऊन चढत होतं, मागे कॅन तापत होते. पाणी भरलं कसं, असं मी विचारलं. इंजिन चालू ठेवून, झाकण उघडं टाकून, बुडबुडे थांबेपर्यंत पाणी उतू जाऊ द्या, असं मिस्त्रीने बजावलं होतं म्हणे.

“मग जाऊ दिलं का?”

“उतू जाया लागलं तसं म्या झाकण लावलं,” ते खाली बघत म्हणाले.

हवा आत अडकली होती, तीच पाणी फिरू देत नव्हती. इंजिन निवेपर्यंत आम्ही थांबलो. मग त्यांनी झाकण काढलं, इंजिन चालू केलं आणि स्वतःच्या प्यायच्या पाण्याचा कॅन माझ्या हातात दिला. पाणी गुडगुडलं, वर आलं, मातीत पडू लागलं. त्यांनी पाठ फिरवली.

“पाव्हणं, तुमीच वता. मला बघवत न्हाई.”

बुडबुडे थांबले, काटा उतरला. केंद्रावर दूध पास झालं, साडूंचं काम टिकलं. परतताना त्यांनी त्याच चढाशी गाडी उभी केली आणि खाली उतरले. जमिनीवर ओलीचा मागमूसही नव्हता. त्यांनी वाकून मातीला हात लावला.

“लई तहानली हाय वो,” ते म्हणाले. इतकी वर्षं मी त्यांची टिंगल करत आलो होतो. त्या दिवशी मात्र मला भरून आलं.