बर्फ पुसणारे कांबळे मामा

बर्फ पुसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मुरुडच्या आमच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेचे शिपाई, कांबळे मामा. प्रॅक्टिकलच्या दिवशी ते लातूरच्या कारखान्यातून बर्फ आणायचे. डब्यात भुसा, वर गोणपाट, आणि एसटीत तो डबा मांडीवर. आल्यावर बर्फ फोडायचे आणि एकेक खडा टिपकागदाने हळुवार टिपायचे, नुकतंच न्हाऊ घातलेलं लेकरू पुसावं तसं. आम्ही पोरी फिदीफिदी हसायचो.

"हसा, हसा," मामा म्हणायचे. "वल्ला बर्फ म्हंजी थोडं पाणीच झालं की. त्येनं उष्णता आधीच खाल्ली. तसाच कोमट पाण्यात टाकला की तुमचा हिशोब बोंबलला!"

दहावी शिकलेला माणूस. पण बर्फ वितळताना पारा शून्यावर का थांबतो, हे मला सरांकडून नव्हे, मामांकडून कळलं. सरांनी दिलेली सुप्त उष्णतेची व्याख्या मला तोंडपाठ होती, कळली मात्र ओ की ठो नव्हती. मामांनी वितळत्या बर्फात थर्मामीटर धरून मला पंधरा मिनिटं नुसतं बघत बसवलं. "पारा हलंना ना? पर उष्णता आत जाऊनच राहिली. बर्फाचे बांध तोडून राहिली ती. समदे तुटले की मगच पारा चढंल."

आता आमच्या कॉलेजची एक रीत सांगते, लाज वाटते तरी. एक ग्रॅम बर्फ वितळायला किती कॅलरी लागतात, हे काढायचा प्रयोग; उत्तर ऐंशी यायला हवं, हे सगळ्यांना ठाऊक. मग प्रयोग कसाही उरकायचा आणि ऐंशीवरून उलटी आकडेमोड करून रीडिंग जुळवायची. सर काणाडोळा करायचे. बारावीच्या परीक्षेत घाईघाईत मी बर्फ न पुसताच टाकला आणि उत्तर आलं एकाहत्तर. शेजारच्या पोरीने जुळवलेला कागद सरकवला. भौतिकशास्त्रात घसरलीस तर पुढे लातूरला पाठवणार नाही, असं बाबांनी बजावलं होतं. मी खोडरबर उचललं.

पाणी ठेवायला आलेले मामा हळूच म्हणाले, "खोडू नको, माय. आलं ते लिही. का आलं, ते खाली लिही."

असा राग आला मला! यांचं काय जातंय, मार्क तर माझे जाणार. पण त्यांच्यासमोर हात काही चालेना. लिहिलं एकाहत्तर, खाली कारण लिहिलं.

नांदेडहून आलेल्या परीक्षकांनी कागद चाळले. सगळीकडे ऐंशी, एकाच ठिकाणी एकाहत्तर. त्यांनी मला उभं केलं. मी कागदावरचं कारण सांगितलं.

"सर, बर्फ पुसला नव्हता. वजनात पाणीही धरलं गेलं."

"हे कोणी शिकवलं?"

मी मामांकडे बोट केलं. आमच्या सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

परीक्षकांनी स्वतः खुर्ची ओढली. "बसा मामा. सांगा या सगळ्यांना." इतक्या वर्षांत त्या खोलीत मामांना कोणी 'बसा' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

मामा म्हणाले, "बसत न्हाई साहेब. बर्फ वितळून राहिलाय." आणि टिपकागद वाटत सुटले. साऱ्यांना प्रयोग पुन्हा करावा लागला. माझं उत्तर अठ्ठ्याहत्तर आलं, तेही न जुळवता. मार्क मिळाले, लातूरला गेले, आज तिथेच भौतिकशास्त्र शिकवते.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. मुलगा दुरून यायचा होता, म्हणून भोवती बर्फाच्या लाद्या लावल्या होत्या. मी पोचले तेव्हा त्या पाझरत होत्या. पायाशी बसले आणि नकळत पदराने लादी पुसायला लागले.

शेजारची एक म्हातारी म्हणाली, "बाई, बर्फ कशाला पुसून राहिल्या? तुमी मामाच्या कोण?"

कोणाकडे शिकलात असं विचारलं की मी एरवी मोठमोठ्या प्राध्यापकांची नावं सांगते. तिथे डोळे पुसले आणि ताठ मानेने म्हटलं, "मी यांची विद्यार्थिनी."