भिंतीपलीकडचा हरभरा

सटवाजीचा दिवस पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी सुरू व्हायचा. गजर लागत नसे. अंग सवयीनं उठायचं. चूळ भरायची, रात्रीची भाकरी फडक्यात बांधायची आणि पाचच्या आत लातूरच्या आडत बाजारात पोचायचं. पाचला पहिला ट्रक लागतो. पाच वाजून पाच मिनिटांनी आलेला हमाल उशिरा आलेला असतो. बावीस वर्षांत सटवाजी तीनदा उशिरा आला. एकदा बाप वारला तेव्हा, आणि दोनदा अयोध्या आजारी पडली तेव्हा.

अयोध्या त्याची थोरली. वय सोळा, अकरावी सायन्स.

पोतं एकट्यानं पाठीवर घेता येतं, पण दिवसाला दोनशे घेता येत नाहीत. त्यासाठी जोडीदार लागतो. आपण कमरेत वाकायचं, मान खाली घालायची, नजर जमिनीवर ठेवायची. जोडीदार मागून पोतं चढवतो. त्या वेळी मागं वळून बघायचं नाही. वळलं की पोतं कलतं आणि मणका जातो. चढवणाऱ्याला काही विचारायचं नाही. पोतं मधोमध बसलं की पाय उचलायचा, एवढंच काम.

सटवाजीचा जोडीदार संगमेश्वर. एकोणीस वर्षं त्यानं सटवाजीच्या पाठीवर पोती चढवली आणि एकदाही पोतं तिरपं बसलं नाही. तीन वर्षांपूर्वी शेठनं संगमेश्वरला मुकादम केलं. त्याच्या हाती किल्ल्या आल्या, पायात बूट आले. पण तो सटवाजीला सटवाच म्हणायचा आणि अयोध्या त्याला संगमकाका म्हणायची.

हमालांच्या वस्तीत सटवाजीचं एकच पत्र्याचं घर. घरात पाच माणसं, शेजारी टीव्ही, समोर पिठाची गिरणी. अभ्यास व्हायचा नाही. जूनमध्ये संगमेश्वरच म्हणाला, "सटवा, दुकानाच्या मागची खोली मोकळी हाय. पंखा हाय, लाईट हाय. पोरीला दुपारून बसू दे. शेठला मी बोललो."

"मागच्या गोदामात माल असतो का?" सटवाजीनं विचारलं.

"नुसता बारदाना हाय. रिकामी पोती. तिला कोण तरास देणार, उंदरं?"

सटवाजीनं पुढं काही विचारलं नाही. संगमेश्वरनं चढवलेलं पोतं तो कधी चाचपून बघत नसे.

खोली दहा बाय आठ. मधली भिंत पत्र्यापर्यंत पोचलेली नव्हती, वर वीतभर फट होती. गोदामाचं शटर मागच्या गल्लीत उघडायचं आणि तिथं दुसऱ्या टोळीचं काम. सटवाजीची टोळी पुढच्या बाजूला. अयोध्या क्लास सुटला की दोनला येऊन बसायची, रविवारी तर सकाळपासून. रात्री नऊला सटवाजी दाराबाहेरून हाक मारायचा आणि ती पुस्तकं घेऊन बाहेर यायची. तो कधी आत गेला नाही. शेठची खोली, फरशी पांढरी, आणि याचे पाय दिवसभराच्या धुळीचे.

दसऱ्याच्या आदल्या रविवारी अयोध्या दारातच पडली. डोकं धरलं होतं, ओकारी थांबत नव्हती, छाती दाबल्यासारखी होत होती. दोन दिवसांनी बरी झाली. आठ दिवसांनी परत तेच. मग परत.

पहिल्या डॉक्टरनं सलाईन लावलं आणि रक्त वाढायचं औषध दिलं. दुसऱ्यानं पित्त सांगितलं, पोटात नळी घालून तपासलं. तिसऱ्यानं डोक्याचा फोटो काढला. फोटो चांगला आला. क्लासचे सर म्हणाले, "टेन्शन आहे. अकरावीला बऱ्याच मुलींना होतं." प्रत्येक तपासणीसाठी सटवाजी ओव्हरटाईमला थांबला. दिवसभर तूर, संध्याकाळी साखरेचा ट्रक. साखरेचं पोतं तुरीपेक्षा वाईट. ते पाठीवर दबत नाही, दगडासारखं बसतं.

एकदा दमून घरी आला तेव्हा तो पोरीला बोलला, "अभ्यास नको असला तर तसं सांग. सोंगं करू नको. माझी पाठ काय लोखंडाची न्हाई."

त्यानंतर दुखलं तरी अयोध्यानं त्याला सांगणं बंद केलं. आईला सांगायची, तेही ओकारी लपवता आली नाही तर.

या सगळ्यात संगमेश्वर बरोबर होता. दवाखान्यात बाकावर बसायचा, नारळपाणी आणायचा. एका शनिवारी तोच म्हणाला, "सटवा, मला हे बाहेरचं दिसून राहिलं. कंधारकडं एक बाबा हाय, गंडा बांधतो. आजच निघू. दोन दिस तिथंच ठिवायचं पोरीला, तसा नेमच हाय त्याचा."

सटवाजीनं दोन खाडे केले. पोरीला घेऊन एसटीनं कंधारला गेला. संगमेश्वर स्वतः आला, कोंबड्याचे पैसे त्यानंच दिले. दोन दिवस अयोध्या हिंडली, फिरली, पोटभर जेवली. तिथल्या किल्ल्याच्या खंदकाशी बसून तिनं बापाला रसायनशास्त्रातलं काहीतरी समजावून सांगितलं. त्याला कळलं नाही, पण तो हाव हाव म्हणत राहिला.

"बघ, गुण आला," संगमेश्वर म्हणाला.

दिवाळीत ती मुखेडकडं मामाच्या गावी बारा दिवस राहिली. तिथंही ठणठणीत. सटवाजीची बायको धुरपता म्हणाली, "आवो, पोरीला लातूरच मानवत न्हाई." तो तिच्यावर खेकसला. पण मनात राहिलं.

डिसेंबरात परत पडली, तेव्हा सटवाजीनं तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण बाई डॉक्टर होत्या. त्यांनी गोळी लिहायच्या आधी प्रश्न विचारले. कधी होतं, किती वाजता होतं, कुठं असताना होतं. शेवटी विचारलं, "तिथं कसला वास येतो का गं?"

"लसणासारखा येतो कधी कधी," अयोध्या म्हणाली. "मी संगमकाकांना सांगितलं होतं. ते म्हणाले, धर्माबादची मिरची आलीय, तिचा वास असेल."

सटवाजी खुर्चीवर सरळ झाला. धर्माबादची मिरची त्यानं हजारो पोती वाहिली होती. मिरचीनं शिंका येतात, डोळे झोंबतात, मान भाजते. मिरचीला लसणाचा वास येत नाही. लसणाचा वास कशाला येतो, ते बाजारातल्या प्रत्येक हमालाला माहीत असतं. कडधान्याला कीड लागू नये म्हणून गोदामात विषारी गोळ्या ठेवतात, त्यांच्या गॅसला. गोळ्या टाकल्या की शटरच्या फटी चिखलानं लिंपतात आणि कुलपाला लाल फडकं बांधतात. फडकं सुटेपर्यंत त्या बाजूला कोणी फिरकत नाही.

त्यानं डॉक्टरांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मामा, मुलीला त्या खोलीत आता एक मिनिटही बसवू नका."

पोरीला घरी सोडून तो मागच्या गल्लीत गेला. शटर बंद होतं. खालची फट चिखलानं नीट लिंपलेली, चिखल अजून ओला. कुलपाला फडकं नव्हतं. लिंपण कोणाच्या हातचं, तेही त्यानं ओळखलं. संगमेश्वर काम नेहमी स्वच्छ करायचा.

संगमेश्वर चहाच्या गाड्यावर होता. "ये सटवा, चहा घे. काय म्हणाली डॉक्टरीण?"

"मागच्या गोदामात काय हाय?"

"बारदाना. कामून?"

"बारदान्याला गोळ्या कवापासून घालाया लागलास?"

चहावाला हसला. "मुकादमाच्या रिकाम्या पोत्यांला बी कीड लागली म्हणा की! मोठ्या माणसांचं सगळंच मोठं."

संगमेश्वर हसला नाही. कप ठेवून सटवाजीला कोपऱ्यावर घेऊन गेला. "हळू बोल. हरभरा हाय शेठचा. भाव यायची वाट बघून राहिलेत. कागदावर न्हाई तो माल."

"फडकं कामून न्हाई बांधलं?"

"बांधलं असतं तर माल हाय हे गावाला कळलं असतं."

"गावाला नको. मला सांगायचं."

"तुला सांगितलं असतं तर तू पोरीला काढली असतीस. पंखा, लाईट सोडून कामून काढली म्हणून टोळीनं इचारलं असतं. तुला खोटं बोलता येत न्हाई, सटवा. मला मालूम हाय."

"कवा कळलं तुला?"

संगमेश्वर बुटानं माती उकरत राहिला. "दसऱ्याला. पहिल्यांदा पडली तवा. वाटलं, भिंत हाय मधी, थोडंफार येत असंल. मरण्याइतकं न्हाई."

"अन् गंडा बांधाया तूच घेऊन गेलास."

"त्या शनवारी लई गोळ्या टाकायच्या होत्या," संगमेश्वर घाईनं म्हणाला. "म्हणून तर नेलं तिला. दोन दिस तेवढी हवेत राहील म्हणून. माझ्या परीनं केलं मी. कोंबड्याचे पैसे बी मीच दिले की रे!"

एवढा वेळ सटवाजीला वाटत होतं, हा माणूस घाबरून गप्प बसला असेल. तसं नव्हतं. कोणत्या शनिवारी किती गोळ्या पडणार हे बघून यानं एक शनिवार पोरीला बाहेर काढलं होतं. बाकीचे शनिवार बघूनच सोडून दिले होते. डोक्याचा फोटो निघत होता तेव्हा हा बाहेर बाकावर नारळ सोलत होता.

"आता बोलू नको कुठं," संगमेश्वर म्हणाला. "दोघांचं बी काम जाईल. पोरीला घरी बसव, चार दिसांत नीट होईल. गोळ्या मी आता बंदच करतो."

सटवाजी निघून आला. घरी अयोध्या भिंतीला टेकून बसली होती. तो तिच्यासमोर खाली बसला आणि म्हणाला, "तू सोंग करत नव्हतीस."

"न्हाई," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं, बाबा."

दुसऱ्या दिवशी पाचला ट्रक लागला. सटवाजी फळीशी वाकला. मान खाली, नजर जमिनीवर. मागून पोतं उचलल्याचा आवाज आला आणि मग बुटांचा. टोळीत बूट एकाच्याच पायात होते. मुकादम असून संगमेश्वर आज स्वतः पोतं चढवायला आला होता, जुन्या दिवसांसारखा. पोतं पाठीला लागायच्या आत सटवाजी सरळ उभा राहिला आणि वळला. साठ किलो दोघांच्या मध्ये जमिनीवर आदळलं, शिवण उसवली, सोयाबीन सांडलं. टोळी थांबली. सांडलेला दाणा न् दाणा भरल्याशिवाय हमाल हलत नाही. सटवाजीनं तो माल गोळा केला, पोतं शिवलं, थप्पीवर ठेवलं आणि मग गेला.

बाजाराच्या कचेरीत त्यानं अर्ज दिला. तिथले साहेब भले होते. तिसऱ्या दिवशी माणसं घेऊन आले, शटर उघडायला लावलं. आत रिकाम्या पोत्यांचे गठ्ठे होते. फरशी फिनाईलनं धुतलेली होती. पंचनाम्यावर सही संगमेश्वरची. इथं पहिल्यापासून बारदानाच असतो, असं त्यानं लिहून दिलं. सही करताना सटवाजी समोर उभा होता.

साहेबांनी टोळीतल्या इतरांना विचारलं. सगळ्यांनी मान खाली घातली. मुकादमाविरुद्ध बोलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी ट्रक मिळत नाही. सटवाजीला राग आला, पण त्यातला एक जण आपणही असतो, हेही त्याला कळत होतं.

त्याचं काम गेलं. तो रेल्वेच्या मालधक्क्यावर सिमेंट उतरवायला लागला. पन्नास किलोचं पोतं, पण वॅगनमध्ये वारा नाही, आणि घामावर सिमेंट बसलं की कातडी फाटते. एकावन्नाव्या वर्षी तो नवीन माणसांत उभा राहिला. पोतं चढवणारा रोज वेगळा. सटवाजी आता वाकायच्या आधी मागं बघायचा. पोरं चेष्टा करायची, "काका, मागून काय वाघ येतो का?" प्रत्येक पोत्याला मागं बघितल्यानं दोन क्षण जातात, दिवसाला दहा पोती कमी होतात. त्यानं ती कमी होऊ दिली.

अयोध्याचं डोकं दुखायचं थांबलं, पण जिना चढताना धाप लागायची. बाई डॉक्टर म्हणाल्या, या गॅसचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, एकदा हृदयाची सोनोग्राफी करून घ्या. त्यांनी नांदेडच्या एका डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी दिली.

नांदेडच्या डॉक्टरांनी वीस मिनिटं पडद्यावर बघितलं. सटवाजीही बघत होता. काळ्या पडद्यावर काहीतरी उघडत होतं आणि मिटत होतं, न थांबता. डॉक्टर म्हणाले, "ताण पडला होता. आता भरून येतंय. आणखी दोन महिने उशीर झाला असता तर मी असं बोललो नसतो."

"कशानं झालं, ते लिहून द्या साहेब," सटवाजी म्हणाला.

"त्यानं काय होणार आता?"

"काही न्हाई होणार. पोरीपाशी असू द्या. पुन्हा तिला कोणी सोंग म्हणू नये."

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं. वारंवार विषारी गॅसचा संपर्क, धान्याच्या गोदामातील. खाली सही, शिक्का. अयोध्यानं कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि वहीत ठेवला.

मालधक्क्यावरच्या अठरा दिवसांच्या मजुरीत ती तपासणी आणि तो कागद आला.