इंदिरानगर, बंगलोर

“हो आण्णा, इंदिरानगरातच आहे,” असं तो फोनवर म्हणायचा, आणि त्यात एक अक्षर खोटं नसायचं. फक्त आण्णा समजत होते ते इंदिरानगर बंगलोरचं, आणि हा उभा असायचा आमच्या नाशिकच्या इंदिरानगरात, माझ्या कॉम्प्युटर क्लासखालच्या एसटीडी बूथमध्ये.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, खोटं बोलायला लागू नये म्हणून खरं फार जपून वापरणारा. मी तसा तोंडाळ माणूस, मला असली माणसं सहन होत नाहीत. हा मात्र झाला, आवडलासुद्धा.

तो देवळा तालुक्यातला. वडील, म्हणजे आण्णा, तालुक्याच्या कोर्टात शिपाई होते, पक्षकारांच्या नावाचा पुकारा करण्यात त्यांचा जन्म गेला. आई लहानपणीच वारलेली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तो माझ्याकडे सी प्लस प्लस शिकवायला लागला. कोणी घाईघाईनं कीबोर्ड बडवायला लागलं की म्हणायचा, “घाई काय शे? आधी कागदावर लिही.” पोरं त्याच्या ‘शे’ची नक्कल करायची, आणि परीक्षा आली की त्याच्याच भोवती गोळा व्हायची.

दोन हजार साली त्याला बंगलोरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअरची नोकरी लागली. मनमाडला गाडीत बसवायला मीही गेलो होतो. एक सूटकेस, एक वळकटी आणि त्याच्या थोरल्या बहिणीनं, ताईनं, दिलेला ज्वारीच्या बिबड्यांचा, म्हणजे पापडांचा, डबा. आण्णा खिडकीच्या गजाला धरून सांगत होते, “साहेबलोकांशी अदबीनं बोल.” पोरगा स्वतःच साहेब व्हायला निघालाय हे त्यांच्या डोक्यात अजून शिरलं नव्हतं.

ते शिरलं आठ-नऊ महिन्यांनी. आण्णा पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या क्लासवर आले.

“सर, पोऱ्याला बेंचवर बसवलं.”

“काय म्हणालात?”

“बेंचवर. काल त्यानंच फोनवर सांगितलं. वर्षसुद्धा झालं नाही, अन् बेंच!”

आता तुम्हीच बघा. सॉफ्टवेअर कंपनीत बेंचवर बसवलं म्हणजे हाताला काम नाही. नवं काम आलं तर ठीक, नाहीतर घरचा रस्ता. पण आण्णांच्या कोर्टात बेंचवर न्यायाधीश बसतात. त्या बेंचखाली उभं राहून त्यांनी सगळी नोकरी काढली होती. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पेढा तोंडात टाकला आणि म्हणालो, “वा, अभिनंदन.”

दोन महिन्यांनी तो स्वतः तीच सूटकेस घेऊन क्लासचा जिना चढला. कंपनीनं बेंचवरची सगळी माणसं काढून टाकली होती.

“गावात आण्णा सगळ्यांना सांगून बसलेत. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर माझं नाव लिहिलंय, सर. दुसरी नोकरी लागली की मी स्वतः सांगतो. तोवर तुम्ही बोलू नका.”

मी बोललो नाही. एरवी गल्लीभर तोंड चालवणारा मी, नेमका तिथं गप्प बसलो.

तो पुन्हा शिकवायला लागला, राहायलाही क्लासवरच. दर रविवारी सकाळी तो घरी फोन करायचा. त्याआधी माझ्याकडचा पेपर मागायचा आणि शहरांच्या तापमानात बंगलोर शोधायचा. एकदा बूथच्या पत्र्यावर धो धो पाऊस वाजत होता आणि हा रिसीव्हरला हाताचा आडोसा धरून सांगत होता, “इकडं एकदम कोरडं आहे, आण्णा.” मी हसून हसून बेजार झालो. तोही हसला, पण नंतर बराच वेळ शिकवायला उठला नाही. पुण्यामुंबईला अर्ज जात होते, सगळीकडे मंदी. ‘घाई काय शे’ म्हणणं कधी बंद झालं ते मला कळलंही नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी तो फोन करून वर आला. आण्णांना हृदयविकाराचा झटका आला होता. ताई त्यांचे कपडे न्यायला घरी आली होती, फोन तिनंच उचलला. आण्णांना आदल्या दिवशी नाशिकलाच आणलं होतं, द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात. आमच्याकडून रिक्षानं दहा मिनिटं. मी चपला घातल्या. तो बसूनच राहिला.

“ऊठ की.”

“कुठून आलो म्हणू? तिनं सांगायच्या आधीच मी बोलून बसलो, बंगलोरला गार आहे म्हणून.”

“मग खरं सांग. गेली नोकरी म्हण.”

“त्यांचं हृदय असं झालंय, सर. आत्ता सांगू त्यांना?”

मी चपला घालून दारातच उभा होतो. तो बोटं मोजत म्हणाला, “बंगलोरहून आज गाडीत बसलो तर उद्या संध्याकाळी पोचेन. तोवर तुम्ही बघून या.”

आण्णांनी मला ओळखलं. “सर, तुम्ही कशाला धावपळ केली?” मग हळूच, “पोऱ्या निघाला?”

“निघालाय. उद्या संध्याकाळी येतो.”

“रजा नसंल तर नको म्हणावं. मोठं काम शे त्याचं.” त्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, “पण आला तर बरं होईल.”

हे सगळं मी त्याला जसंच्या तसं सांगितलं. वर म्हणालो, “मसणात गेलं तुझं बंगलोर, चल.” तो उठला, जिन्यापर्यंत गेला आणि परत येऊन बसला. त्याला बखोटीला धरून न्यायला हवं होतं. मी नेलं नाही. त्या रात्री तो शर्ट न बदलता झोपला आणि दुसऱ्या दिवशी अंघोळ केली नाही, रेल्वेतून उतरल्यासारखं दिसावं म्हणून.

सोमवारी दुपारी मी दवाखान्यात पुन्हा गेलो तेव्हा ताई जिन्यातच रडत बसली होती. आण्णा गेले होते. मी तसाच उलट पावली क्लासवर आलो आणि त्याला सांगितलं. तो रडला नाही. त्यानं घड्याळ पाहिलं.

“दोनच वाजलेत,” तो म्हणाला.

पाच वाजेपर्यंत आम्ही दोघं क्लासमध्ये बसून होतो. मग रिक्षा केली. मांडीवर सूटकेस घेऊन तो दवाखान्याच्या दारात उतरला, तशी ताईनं त्याला मिठी मारली. “किती लांबून आला रे, अन् भेट नाही झाली.” नातेवाइकांकडे वळून म्हणाली, “त्याला आधी पाणी द्या, कालपासून गाडीत आहे.” त्यानं पेला घेतला आणि सगळं पाणी प्यायला.

आण्णांना घेऊन ते गावाकडे निघाले. तो ॲम्ब्युलन्समध्ये आण्णांच्या उशाशी बसला होता. त्यानंतर तो मला कधी दिसला नाही, ना फोन, ना पत्र. निघता निघता ताईच्या यजमानांनी माझे दोन्ही हात धरले.

“स्टेशनवर त्याला घ्यायला गेलात, लय उपकार झाले, सर. जरा आधी पोचला असता तर...”

“हो ना,” मी म्हणालो. “गाडी लेट होती.”