नागुबाईच्या घागरीचा लिलाव

आमच्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, पैसा येतो रडतखडत आणि जातो नाचत. लातूरच्या कडेला एक चर्च, त्याला लागून शाळा, आणि मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, येणारी घरं म्हणाल तर शंभरही भरायची नाहीत. त्यातली निम्मी अडत बाजारात आणि डाळमिलमध्ये राबणारी. मासिक वर्गणीची पाकिटं फादर घरोघर वाटतात; काही रिकामी परत येतात, बाकीची येतच नाहीत. सप्टेंबरात मारियामातेच्या सणाला थोडं जमतं, ते मंडप आणि जेवणावर उडतं. मी जन्मभर या शाळेत गणित शिकवलं, निवृत्तीनंतर पॅरिशच्या कमिटीवर बसलो, तरी हा हिशेब मला कधी सुटला नाही. तो सुटायचा वर्षातून एकदाच, जानेवारीत कापणीच्या सणाला, आणि सोडवायचा चंद्रप्पा.

चंद्रप्पा अडत बाजारात सौद्याच्या वेळी भाव पुकारायचा. अंगानं काटकुळा, पण आवाज असा की तुरीच्या ढिगामागं डुलकी घेणारा हमालसुद्धा उठून बसे. कापणीच्या सणाला आमचे लोक घरचं काहीतरी वेदीपुढं आणून ठेवतात: तुरीची पायली, भोपळा, कोंबडा, ज्याला शेत नाही तो अंगणातली चार वांगी. मिस्सा संपली की आवारात लिलाव. भोपळा घेणारा तो घरी नेत नाही, परत टेबलावर ठेवतो, आणि चंद्रप्पा पुन्हा पुकारतो. एकाच भोपळ्यावर शाळेच्या चार खिडक्या झाल्याचं मी पाहिलंय. कुणाच्या खिशात किती आहे आणि कुणाला कुठं टोचलं की तो खिसा सुटतो, हे त्याला पाठ होतं. "जावयापुढं इस रुपये बोलून राहिले का मामा," एवढं म्हटलं की मामा पन्नासवर जायचे.

आता नागुबाई. नागुबाई औसा तालुक्यातली. भूकंपात तिचं घर बसलं, त्यात नवरा आणि सून गेली. लेक पुढं पुण्याला कामाला गेला तो तिकडचाच झाला. ढिगाऱ्यातून तिच्या हाती लागली ती एक तांब्याची घागर, कुशीला चेपलेली. त्या वर्षीचा कापणीचा सण आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये केला. खरं तर कापणी कसली, लोक मदतीच्या गव्हावर जगत होते. पण ही बाई घागर घासूनपुसून घेऊन आली आणि वेदीपुढं ठेवली. दुसरं काही नव्हतंच तिच्याकडं. लिलावात चंद्रप्पानं घागर उचलली, तशी तिनंच हात वर केला आणि अकरा रुपये म्हणाली. कोण बोलणार तिच्यावर? चंद्रप्पानं एका दमात एक वार, दोन वार, तीन वार म्हणून टाकलं. बाई पैसे देऊन घागर डोक्यावर घेऊन गेली.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. दरवर्षी शेवटची वस्तू नागुबाईची घागर. ती पुनर्वसनाच्या वस्तीतून टेम्पोनं यायची, घागर ठेवायची, लिलावात आपणच बोली लावायची. अकराचे एकवीस झाले, पुढं एकशे एक. शेतमजुरीतून ती वर्षभर ते पैसे बाजूला टाकायची. चंद्रप्पा तिच्या बोलीनंतर श्वास घ्यायचा नाही, आणि आम्ही सगळे आपापल्या चपलांकडं बघत बसायचो. कुणी कुणाला हे सांगितलं नव्हतं. नवा फादर आला की त्यालाही पहिल्याच वर्षी कळायचं.

पुढं लातूरला क्लासेसचं वारं सुटलं. कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतून पोरं यायला लागली, घराघरात कॉट टाकून भाडेकरू बसले, आणि जो तो आपल्या पोरीला डॉक्टरच करायला निघाला. आमच्या शाळेची मात्र उतरती कळा लागली. आठवीतच पोरं क्लासवाल्यांच्या शाळेत जायची. फी आटली, शिक्षकांचे पगार दोन-दोन महिने लांबले, आणि मागच्या दोन वर्गांचे पत्रे इतके गळायचे की पावसाळ्यात मी छत्री धरून त्रिकोणमिती शिकवलीय. शाळा चालवणाऱ्या सिस्टरांनी शेवटी संध्याकाळी वर्ग भाड्यानं द्यायचं ठरवलं. भाडेकरू भीमाशंकर सर. त्यांचा क्लास तेव्हा जोरात होता, आणि माणूस, मी मुद्दाम सांगतो, वाईट नव्हता. चंद्रप्पाची लेक तनुजा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली तेव्हा आमच्या त्या वेळच्या फादर आंतोननी शब्द टाकला आणि सरांनी तिची अर्धी फी माफ केली. चंद्रप्पानं त्या दिवशी सबंध बाजारात पेढे वाटले.

त्याच जानेवारीत फादरनी सरांना सणाला पाहुणे म्हणून बोलावलं. मनात गळक्या वर्गांवर स्लॅब टाकायचा विचार होता. कमिटीच्या सगळ्यांच्याच होता. सरांनी भाषणात सांगितलं की लिलावातली शेवटची वस्तू आपण घेणार. टाळ्या पडल्या. शेवटची वस्तू कोणती, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आम्हाला होतं. पाहुण्याच्या कानात दोन शब्द सांगायला कितीसा वेळ लागतो! पण फादरनी माझ्याकडं पाहिलं, मी सिस्टरांकडं, सिस्टरांनी मागच्या वर्गांच्या गळक्या पत्र्याकडं.

घागर वर आली. नागुबाईनं हात केला, "एकशे एक." चंद्रप्पानं तोंड उघडलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो थांबला. सरांनी बोट वर केलं होतं. ते म्हणाले, "अकरा हजार."

चंद्रप्पाला एक वाट होती. बोली आधीच संपली म्हणून हसत सांगायचं, सरही हसले असते. त्यानं नागुबाईकडं पाहिलं. मग सरांच्या शेजारी खुर्चीवर बसवलेल्या तनुजाकडं पाहिलं. आणि सावकाश, बाजारात पुकारतात तसं, एक वार म्हणाला, दोन वार म्हणाला, तीन वार म्हणाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

उन्हाळ्यात त्या पैशांत भर घालून मागच्या वर्गांवर स्लॅब टाकला. चंद्रप्पाचं मात्र बिनसलं. बाजारात त्याचा आवाज मध्येच फुटायला लागला. मिस्सेला तो मागच्या दाराशी उभा राहायचा आणि वस्तीचा टेम्पो दिसला की सायकल काढून निघून जायचा. मी त्याला समजावलं, घागर काय, बाजारात नवी मिळते. त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि सायकलला टांग मारली. एका रविवारी नागुबाईनं त्याला गेटाजवळ गाठलंच आणि स्लॅब दाखव म्हणाली. चंद्रप्पा काम आहे म्हणून सटकला. मला नंतर म्हणाला की बाई टोमणा मारून राहिली. ती एकटीच वर्गात जाऊन, मान वर करून, बराच वेळ स्लॅब बघत उभी होती. मी खिडकीतून पाहत होतो, आणि मलाही तो टोमणाच वाटला.

फादर आंतोनकडं त्यानं कबुलीजबाब दिला, असं तो स्वतःच सांगतो. फादरनी त्याला पापमुक्ती दिली. मग खाली मान घालून ते एवढंच म्हणाले की मीही तिथंच बसलो होतो, चंद्रप्पा.

शेवटी दिवाळीच्या सुट्टीत, क्लास बंद असताना, तो भीमाशंकर सरांच्या ऑफिसात गेला. तनुजाची सवलत गेली तर गेली, असं मनाशी पक्कं करून गेला होता. घागर टेबलाच्या कोपऱ्यावर होती, आत प्लॅस्टिकची फुलं. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: भूकंप, ढिगारा, दरवर्षीचा रिवाज. सर ऐकत गेले तसे अवघडत गेले. फुलं काढून त्यांनी घागर स्वतः पुसली.

"अहो, मग त्याच दिवशी कानात सांगायचं ना," ते म्हणाले. "मी भोपळा घेतला असता. अकरा हजार काय, तेवढेच दिले असते."

पैसे त्यांनी परत मागितले नाहीत, सवलतही तशीच ठेवली. चंद्रप्पा म्हणतो, त्यांनी रागावून हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं. एका वाक्याचं काम होतं आणि ते त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. जन्मभर तोंडावर पोट भरलेला माणूस.

दुसऱ्याच दिवशी घागर पोत्यात गुंडाळून तो एसटीनं वस्तीवर गेला. नागुबाई दारात शेंगा फोडत बसली होती. त्याला पाहून तिला आनंदच झाला. बस म्हणाली, शेजारणीला हाक मारून सांगितलं की हाच तो चंद्रप्पा, ह्यानंच माझी घागर अकरा हजाराला इकली. अख्ख्या वस्तीला ही गोष्ट तोंडपाठ होती. कुणाच्या शेतात कामाला गेली तरी ती सांगायची: पोरं आता भिजत नाहीत, वर माझी घागर हाय. मोठा माणूस बोलीला उतरला, मी हारले, पण देवाच्या घरचा सौदा कसा झाला बघा.

इथंच चंद्रप्पानं गप्प बसायला हवं होतं. घागर सरांनी भेट पाठवली म्हणायचं, चहा घ्यायचा, परतीची गाडी धरायची. पण मनावर इतके महिने दगड घेऊन फिरलेल्या माणसाला तो कुठंतरी टाकायचा असतो, आणि तो कुणाच्या पायावर पडेल हे त्याला दिसत नाही. त्यानं पोतं सोडलं, घागर तिच्यापुढं ठेवली आणि तिचे पाय धरले.

"माय, माफ कर. मी त्यास्नी अडवाया पायजे हुतं. तुझ्या घागरीवर कुनीच बोलत न्हाई दर साली, हे त्यास्नी ठाव नव्हतं."

नागुबाईचा शेंग फोडणारा हात थांबला. "कुनीच बोलत न्हाई म्हंजे?"

तो सांगत गेला. त्याला वाटत होतं आपण मोकळं होतोय. आम्ही कसे चपलांकडं बघायचो, तो कसा एका दमात तीन वार म्हणून टाकायचा, सारं सांगितलं. तिनं मध्ये दोनच गोष्टी विचारल्या. फादरला ठाव हुतं का? हाव. मास्तरला? मास्तर म्हणजे मी. हाव, त्यास्नी बी.

"मला वाटायचं," नागुबाई म्हणाली, "माझी बोली मोठी असती म्हून."

मग ती पुन्हा शेंगा फोडायला लागली. चंद्रप्पाला तेव्हा कुठं कळलं. तो उठला, बसला, पुन्हा उठला. तसं नव्हे माय, तसं नव्हे, एवढंच म्हणत राहिला. तिनं त्याला शिव्या दिल्या नाहीत. गाडी चुकेल, जा म्हणाली.

तो अंगण ओलांडत होता तेवढ्यात मघाची शेजारीण पुन्हा डोकावली. तिला घागर दिसली आणि ती खुशीत आली. "आली का वो माघारी? कितीला घेतली यंदा?"

नागुबाईनं घागर उचलून आत ठेवली. "फुकट," ती म्हणाली. "दर साली फुकटच हुती."