सफरचंदाच्या झाडावरचा डबा

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर एका दुर्बिणीवरून भांडलो.

उत्तरेकडच्या एका तळ्याकाठी, लाकडी खोपीत. नेदरलँडमध्ये पक्षी बघायला अशा खोपी बांधून ठेवतात. आत बाक, समोर आडवी फट. दुर्बीण एकच. बायकोची नजर वेगळी, माझी वेगळी. माझ्या हातात आली की मी मधलं चाक फिरवायचो, आणि परत तिच्याकडे गेली की तिला सगळं धुरकट.

"अहो, किती पिळताय ते चाक! ट्रकचं स्टिअरिंग आहे का ते?"

"मला दिसत नाही, त्याला मी काय करू?"

"तुम्हाला कधी काय दिसलंय. जन्मभर गाडी हाकलीत, रस्त्याच्या कडेला काय आहे ते बघितलं नाहीत."

"कडेला बघत बसलो असतो तर तू तेव्हाच विधवा झाली असतीस."

ती तोंडाला पदर लावून हसली. समोर चिखलात एक चमच्या पक्षी चपटी चोच इकडून तिकडे फिरवत होता. आमच्या गावच्या धरणावर हिवाळ्यात येतात तसलाच.

"हा आपल्या धरणावरचाच आहे," ती म्हणाली.

"त्याच्यावर काय शिक्का मारलाय?"

"चाल बघा की त्याची." आणि दुर्बीण माझ्याकडे दिली. मी चाक फिरवेपर्यंत तो उडाला. तिनं दुर्बीण ओढून घेतली आणि चाक परत आपल्या नजरेला लावलं.

खरं तर आम्ही नॉर्वेला जाणार होतो. तिथं म्हणे समुद्र डोंगरांच्या कुशीत शिरतो, त्याला फ्योर्ड म्हणतात. लेकीनं सगळं ठरवलं होतं. पण करोना आला, वाटा बंद झाल्या, आणि आम्ही म्हातारा-म्हातारी लेकीच्या झूटरमेरच्या घरात अडकलो. उन्हाळा सरता सरता जरा मोकळीक मिळाली तेव्हा लेकीनं गाडी काढली. डोंगर नाहीत, पण तळ्यांना तोटा नाही. थोडं गाडीतून, थोडं पायी, असे हिंडलो. बायको म्हणाली, "डोंगर काय, ट्रकवाल्यानं घाट सांगितलेत पुष्कळ. मला पाखरं बघू द्या."

त्या खोपीतून आम्ही सरळ घरी आलो. गाडीत ती माझ्या खांद्यावर झोपली होती. दुसऱ्या दिवशी चहाच्या आधीच कलंडली. डोक्यात रक्त साकळलं होतं. दवाखान्यात एकालाच आत सोडत होते. डॉक्टरांची भाषा लेकीला येते, म्हणून ती आत गेली. मी खाली गाडीत बसून राहिलो. बाकी मी सांगत नाही.

राख मिळायला महिना लागतो, असा इथला कायदा. मिळाली तीही पिठासारखी दळलेली, हाडाचा तुकडा नाही. प्लास्टिकचा गोल डबा. लेक म्हणाली, "आप्पा, कपाटात ठेवू. विमानं सुरू झाली की गावाकडे नेऊ."

"अस्थी घरात ठेवत नाहीत. झाडाला टांगतात."

"इथं?"

"झाड आहे ना?"

मागच्या अंगणात सफरचंदाचं झाड होतं. डबा पांढऱ्या फडक्यात गुंडाळून दोरीनं फांदीला बांधला. पाऊस रोजचाच, म्हणून वर पत्र्याची टोपी करून बसवली. मला एकच पाहिजे होतं. तिला वाहत्या पाण्यात सोडायचं. ते होईपर्यंत माझ्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता.

एके सकाळी बघतो तर डब्याशेजारी दाणे घातलेला चरबीचा गोळा लटकतोय आणि त्याला चिमणीएवढी, पिवळ्या पोटाची पाखरं लोंबकळताहेत. शेजारच्या गोऱ्या म्हातारीनं कुंपणावरून हात लांब करून अडकवला होता. लेकीला ती म्हणाली, "तुझ्या वडिलांनी पक्ष्यांचं घर छान केलंय, पण भोक ठेवायला विसरले वाटतं. दाणे घातले की येतील हळूहळू."

लेकीनं तिला खरं काय ते सांगितलं. म्हातारी लाल झाली. दोन्ही हात तोंडावर धरून तिथंच थिजली. मग काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणते?"

"माफी मागतेय. गोळा काढून घेऊ का विचारतेय."

मी डब्याकडे बघितलं. एक पाखरू पत्र्याच्या टोपीवर बसून चोच पुसत होतं. हिला केवढी गंमत वाटली असती.

"राहू दे म्हणावं. हिला आवडतात."

पण विमानांचा काही नेम लागेना. आज सुरू, उद्या बंद. शेवटी मीच म्हटलं, इथंच सोडू, पण पाणी वाहतं पाहिजे. थंडीत पुन्हा उत्तरेला निघालो. डबा माझ्या मांडीवर. एकेक तळं आलं की मी उतरायचो, काठानं चालायचो आणि पाण्यात वाळकं पान टाकायचो. पान जागचं हलायचं नाही. कालव्यातही तेच.

"आप्पा, इथलं पाणी पंपानंच हलवतात," लेक म्हणाली.

"मग आईला काय पंपानं पाठवायचं?"

ती रागावली. मग हसली. मग स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसलो. दुसरं काय करणार.

त्या खोपीशीही थांबलो. चमच्या नव्हता. थंडीत ते खाली गरम मुलखात जातात, लेक म्हणाली. धरणावर गेला असणार. ही असती तर तिनं हेच सांगितलं असतं, आणि मी शिक्का विचारला असता.

तिथून पुढं समुद्राचा बांध. लेकीनं आधी फोन करून परवानगी घेतली होती. ओहोटी लागलेली. दगडांवरून खाली उतरून पान टाकलं. ते गरकन फिरलं आणि निघालं. मी थांबून ते दिसेनासं होईपर्यंत बघितलं.

"हे वाहतंय," मी म्हटलं.

दोघांनी मिळून डबा रिकामा केला. वर रानबदकांचा मोठा थवा ओरडत गेला. त्या दिवशी घरी येऊन मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन अंगणात गेलो. फांदीला नुसती दोरी होती. गोळ्यावर पाखरांचा कालवा चाललेला. घरातून दुर्बीण आणली, खुर्ची टाकली. दुर्बीण त्या खोपीनंतर कुणी हातात घेतली नव्हती. त्या दिवशी शेवटी तिच्याचकडे होती, चाक तिच्या नजरेला लावलेलं. मला सगळं धुरकट दिसत होतं, पिवळे ठिपके नुसते. ते चाक तसंच ठेवावं असं वाटलं. थोडा वेळ तसाच बघत बसलो.

पण धुरकट बघून ती थोडीच येणार होती. उलट ओरडली असती. मी चाक फिरवलं. एक पाखरू उलटं लटकून दाणा उपसत होतं, त्याच्या पोटावर मधोमध काळी रेघ होती. ते उडालं नाही. चहा गार झाला तरी मी बघतच होतो.