वर्लीन पिंकनीची प्रतिनियुक्ती

वॉशिंग्टनमधल्या निम्म्याअधिक सरकारी कचेऱ्या वर्लीन पिंकनीला ओळखत, पण चेहऱ्याने नव्हे, आवाजाने. एका खात्याच्या प्रशिक्षण शाखेत बसून एकोणीस वर्षं ती एकच काम करत होती. दोन वर्षांच्या फेलोशिपवर आलेल्या तरुण मंडळींना चार-चार महिन्यांसाठी दुसऱ्या कचेऱ्यांत प्रतिनियुक्तीवर पाठवायचं. पगार इकडचा, काम तिकडचं. त्यासाठी दोन्हीकडच्या साहेबांच्या सह्या लागत, आणि सही म्हटली की साहेबाचा हात जड होतो. कुणाला सकाळीच गाठायचं, कुणाच्या गुडघ्याची आधी चौकशी करायची, कुणाला ‘शेजारच्या शाखेने होकार दिलाय’ एवढं सांगितलं की पुरे, हे सगळं वर्लीनला पाठ होतं.

ती स्वतः शाळा संपवून टायपिस्ट म्हणून लागली होती. नवरा गेल्यावर, चाळिशीत, दोन बस बदलून संध्याकाळच्या कॉलेजात जाऊन तिने पदवी घेतली. तरी बढतीच्या अर्जावर दर वेळी तोच शेरा पडे: ‘अन्य कार्यालयातील अनुभव नाही.’ शेकडो जणांना तो अनुभव तिनेच मिळवून दिला होता.

त्यातलीच एक हॅडली व्हिटकम. जिथे जायचं होतं त्या कचेरीने ऐन वेळी नकार कळवला, तेव्हा ही पोरगी वर्लीनच्या टेबलासमोर बसून हमसाहमशी रडली होती.

“मिस वर्लीन, माझं वर्ष वाया गेलं!”

“वर्ष संपायला अजून दहा महिने आहेत. डोळे पूस आणि ते सँडविच संपव. तोवर मी फोन लावते.”

सँडविच संपायच्या आत हॅडलीला पुलांच्या तपासणीच्या कचेरीत जागा मिळाली होती. आठ वर्षांनी ती वर्लीनच्याच प्रशिक्षण शाखेची प्रमुख होऊन परत आली. पहिल्या दिवशी तिने सगळ्यांदेखत वर्लीनला मिठी मारली. “या नसत्या तर मी इथे नसते,” म्हणाली. वर्लीनला बरं वाटलं. खोटं कशाला बोला.

त्याच वर्षी सप्टेंबरात साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्याला वादळाने झोडपलं. वर्लीनचं आजोळ तिथल्या एका बेटावर. तिची रुथेल मावशी अजून तिथेच राहत होती. छप्पर उडालेलं, त्यावर निळी ताडपत्री, खाली मावशी. सरकारची मदत होती, पण जमीन आपल्या नावावर असल्याचा कागद दाखवा, अशी अट. बेटावरच्या जमिनी गुलामीतून सुटलेल्या पणजोबा-खापरपणजोबांनी घेतलेल्या. मृत्युपत्र कुणी केलं नाही, वकिलाची पायरी कुणी चढलं नाही. एकेका तुकड्याचे चाळीस-चाळीस वारस, आणि कागदावर नाव मात्र सत्तर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं. अर्ज जसेच्या तसे परत येत होते.

तिथल्या पूरमदत कचेरीचा प्रमुख ओडेल ग्रिमबॉल हा वर्लीनचा जुना फोनमित्र. तिने पाठवलेली अकरा पोरं त्याने आजवर सांभाळली होती. नोव्हेंबरात त्याचा फोन आला.

“वर्लीन, एक माणूस दे. पण या खेपेला पोरगं नको.”

“मग कोण हवंय? राष्ट्राध्यक्ष?”

“तू ये. इथली माणसं दारात आलेल्याला आधी विचारतात, तू कुणाची? तुला उत्तर देता येईल. एकशे साठ घरं अडकलीत, आणि मुदत मार्चअखेरची.”

वर्लीन हसली. पण दुसऱ्या दिवशी तिने प्रतिनियुक्तीचा कोरा अर्ज घेतला आणि नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. ओडेलची सही त्याच दुपारी आली. हॅडलीकडे अर्ज नऊ दिवस पडून राहिला. मग तिने वर्लीनला आत बोलावलं.

“वर्लीन, तुम्ही गेलात तर इथलं कोण बघणार? तुमच्यावाचून या शाखेचं पान हलत नाही.”

“चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. सगळं लिहून ठेवते. शेजारच्या टेबलावरच्या डेनिसला शिकवूनच जाते.”

“आणि खरं सांगू का? या नेमणुका ज्यांना पुढे घडवायचंय त्यांच्यासाठी असतात. तुमची निवृत्ती आली की जवळ.”

“म्हणजे माझं घडून झालं.”

“तसं नाही हो. मनाला लावून घेऊ नका. पण जागा छान आहे. आपण या तुकडीतल्या प्रेस्टनला पाठवू. तुम्हीच जुळवून द्या, तुमच्यासारखं कुणाला जमत नाही.”

वर्लीन जागेवर आली. नवा अर्ज छापला, त्यावर प्रेस्टन ऑल्डर्सीचं नाव घातलं आणि ओडेलला फोन लावला.

“ही सही मी करणार नाही,” ओडेल म्हणाला.

“कर. नाहीतर तुला हाही मिळायचा नाही.”

प्रेस्टन वाईट नव्हता. कष्टाळू, अदबशीर. रोज फोन करायचा.

“मिस वर्लीन, मला कुणी घरात घेत नाही. अंगणातूनच वाटेला लावतात.”

“आधी काय विचारतोस?”

“विचारत नाही. फॉर्म दाखवतो.”

“फॉर्म ठेव खिशात. त्यांच्या आईचं नाव विचार.”

कोण कुणाचा चुलत आणि कोण कुणाचा मावसभाऊ, हे कळण्यातच त्याचे दोन महिने गेले. उरलेल्या वेळात त्याने नकाशे घालून एक देखणा अहवाल लिहायला घेतला. फेब्रुवारी सरला तेव्हा एकशे साठांपैकी एकोणतीस घरं मार्गी लागली होती.

मार्चमध्ये वर्लीनने हक्काची दोन आठवड्यांची रजा टाकली. मावशीकडे जाते, म्हणाली. गेलीही. पण दिवसभर ती चर्चच्या मागच्या खोलीत घडीचं टेबल मांडून बसे. शेजारी बायका तळलेले मासे आणि टोमॅटो घातलेला लाल भात वाढत, आणि माणसं रांगेने येत.

“तू कुणाची गं?” एका म्हातारीने विचारलं.

“इसाबेलची थोरली. रुथेलची भाची.”

“मग आधी सांगायचं ना! थांब, डबा आणते.”

पत्र्याच्या डब्यांतून बायबलं निघाली, कराच्या पावत्या निघाल्या, अंत्यविधीच्या छापील पत्रिका निघाल्या. त्या पत्रिकांत मागे राहिलेल्या नातलगांची नावं असतात. वर्लीन त्यांवरून वंशावळी मांडी, प्रतिज्ञापत्रं लिही, ओडेल ती तपासून स्वीकारी. नऊ दिवसांत तेवीस घरांचे कागद झाले. मावशीचे तिने मुद्दाम शेवटी ठेवले होते. आधी घरचं उरकून घेतलं, असं कुणी म्हणायला नको.

दहाव्या दिवशी प्रेस्टनने आपल्या साप्ताहिक टिपणीला चर्चमधल्या त्या टेबलाचा एक फोटो जोडला. खाली लिहिलं: ‘मिस वर्लीन यांची अमूल्य मदत.’ बिचाऱ्याला कौतुकच करायचं होतं.

तासाभरात हॅडलीचा फोन आला. “नेमणूक नसताना दुसऱ्या कचेरीचं काम? वर्लीन, हे नियम तुम्हीच मला शिकवलेत.”

“मी रजेवर आहे.”

“सरकारी कागदाला हात लावलात की रजा कसली? उद्या हजर व्हा.”

“मुदतीला आठ दिवस आहेत, हॅडली. माणसं रांगेत उभी आहेत.”

“प्रेस्टन आहे ना तिथे.”

वर्लीन परत गेली. तेविसांपैकी अकरा मंजूर होऊन गेले होते, ते वाचले. बारा अर्ज ‘अनधिकृत व्यक्तीने तयार केलेले’ म्हणून चौकशीला काढले. चौकशीत काहीच चूक सापडली नाही, फक्त तोवर एप्रिल उजाडला होता. मावशीचा अर्ज झालाच नाही. वर्लीनला लेखी ठपका मिळाला. प्रेस्टनच्या अहवालाला खात्याचं मानचिन्ह मिळालं. त्यात वर्लीनचं नाव होतं, आभारांच्या पानावर, ‘कारकुनी साहाय्य’ या ओळीत.

वर्षभरात मावशीच्या जमिनीच्या शिकागोतल्या एका वारसाने, ज्याने बेट कधी पाहिलंही नव्हतं, आपला हिस्सा बिल्डरला विकला. बिल्डर कोर्टात गेला आणि इतके वाटे पाडता येत नाहीत म्हणून कोर्टाने अख्ख्या तुकड्याचाच लिलाव काढला. रुथेल मावशी दोन ट्रंका घेऊन वर्लीनच्या मेरीलँडमधल्या फ्लॅटवर आली. तिने भाचीला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. वर्लीनला तेच जास्त लागे.

जूनमध्ये फेलोशिपच्या नव्या तुकडीची यादी आली. चौदा नावं. वर हॅडलीची चिठ्ठी होती: ‘ओडेलकडे एक जागा नक्की बघा. छान अनुभव मिळतो.’

वर्लीनने फोन लावला. “ओडेल, या वर्षी कुणाला पाठवू का?”

“पाठव की,” तो म्हणाला. “पण त्याला दाखवू काय? बेटावर आता गोल्फचं मैदान होतंय.”

तिने चिठ्ठीवर ‘जागा नाही’ असं लिहिलं, ती हॅडलीच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि जागेवर येऊन यादीतल्या दुसऱ्या नावासाठी फोन फिरवला.